बयाज आणि बाड

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाने फारसी कवितेच्या हस्तलिखितांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. ते साहजिकच आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गेटसभांतून, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि गावोगावच्या वाचनालयांतून झाले. फारसीचे आम्ही पंडित नव्हे. कोश हाताशी धरून अक्षर अक्षर लावीत गेलेले वाटसरू आहोत. तेव्हा येथे जे सांगावयाचे आहे ते विद्वानांसाठी नाही. ज्यांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी वही पडून आहे आणि ती कशाची हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ते आहे.

या विषयाची गोडी आम्हाला लावली ती बॉयलरवरच्या एका कामगाराने. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ते होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, आम्हीही म्हणत असू. एकदा तडजोडीचा मसुदा घेऊन आम्ही रात्री त्यांच्या घरी गेलो. "चाचा, हा मसुदा एकदा नजरेखालून घाला," असे म्हणताच ते हसले. म्हणाले, "बेटा, मसुदा म्हणजे काय ठाऊक आहे का? मसुदा म्हणजे काळा केलेला. खाडाखोड करून कागद काळा होतो, तो मसुदा. आणि त्यातले निवडून स्वच्छ पांढऱ्यावर उतरवले की बयाज." एवढे बोलून त्यांनी पेटीतून कापडात बांधलेली एक वही काढली. ती त्यांच्या आजोबांची होती. वीतभर लांब, चार बोटे रुंद, आखूड बाजूने शिवलेली; पान उलटायचे ते उजवीकडे किंवा डावीकडे नव्हे, तर वर. आत बारीक, तिरक्या, झुकत्या फारसी लिपीत कविता लिहिलेली होती.

तोवर आमची समजूत अशी की, जुना ग्रंथ म्हणजे एका लेखकाने लिहिलेले एक पुस्तक. चाचांच्या वहीत मात्र एका पानावर शेख सादी, दुसऱ्यावर हाफिज, तिसऱ्यावर खोकल्याच्या काढ्याची कृती, चौथ्यावर कुणाला दिलेल्या उसनवारीचा आकडा आणि पाचव्यावर लेकीच्या जन्माची तारीख. शेवटच्या कोऱ्या पानांवर खुद्द चाचांनी एका संपात कामावरून कमी केलेल्या माणसांची नावे मोडक्या मराठीत लिहून पुढे कुणाला किती मदत पोचली ते मांडले होते. हे काय प्रकरण आहे, असे आम्ही विचारले. चाचा म्हणाले, "हीच बयाज."

बयाज म्हणजे काय

बयाज हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ पांढरेपणा. त्यावरून कोरी वही, आणि त्यावरून आवडलेली कविता उतरवून घेण्याची वही. फारसीत अशा संग्रहाला आणखीही नावे आहेत. एक सफीना, म्हणजे नौका. दुसरे जुंग, या शब्दाचा अर्थही मोठे गलबत असा सांगतात. नाव किती चपखल आहे पाहा! पुरात घर गेले तरी जे सोबत घेऊन निघता येते ते नौकेत भरलेले असते. बयाज बाराबंदीच्या खिशात किंवा अंगरख्याच्या बाहीत मावे. प्रवासात, मुशायऱ्यात, छावणीत ती बरोबर असे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. तजकिरा म्हणजे कवींची चरित्रे आणि सोबत त्यांच्या कवितेचे नमुने. फारसी कवींचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना तजकिरा 'लुबाबुल अल्बाब' हा होय. तो औफी नावाच्या लेखकाने सन 1221 च्या सुमारास लिहिला, आणि तो इराणात नव्हे, तर सिंधमध्ये, नासिरुद्दीन कबाचा याच्या आश्रयाला असताना. दीवान म्हणजे एकाच कवीचा संग्रह. आणि बयाज म्हणजे वाचणाऱ्याचा संग्रह. दीवानावर हक्क कवीचा, तजकिऱ्यावर विद्वानाचा. बयाज मात्र ज्याने हात दुखेपर्यंत उतरवले त्याची.

अर्थात सगळेच संग्रह गरिबाच्या खिशातले नव्हते. तैमूरचा नातू इस्कंदर सुलतान याच्यासाठी सन 1410-11 मध्ये शिराज येथे केलेले संग्रह आज लिस्बन आणि लंडन येथे जपलेले आहेत. त्यांत सोन्याचे काम आहे, चित्रे आहेत. पानाच्या मध्यभागी एक काव्य चालते आणि त्याच वेळी समासातून तिरके दुसरे. एका पोथीत ग्रंथालय भरण्याची ही युक्ती. पण सुलतानाची पोथी आणि चाचांच्या आजोबांची वही यांची जात एकच. दोघांनीही निवड केली होती.

लिहिणाऱ्याची मजुरी

आम्ही कामगारांची माणसे. एखादी सुंदर वस्तू पाहिली की ती कुणी घडवली आणि त्याला काय मिळाले, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो. हस्तलिखितामागे किती हात होते ते पाहू.

पहिला हात कागद करणाऱ्याचा. चिंध्या कुजवून, कुटून, लगदा करून, जाळीवर घेऊन, वाळवून, खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटून कागद होई. आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नरचा कागद नावाजलेला होता. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव तर या धंद्याच्याच नावाचे. पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा आहे, तोही त्याचीच खूण.

दुसरा हात ओळी आखणाऱ्याचा. पुठ्ठ्यावर ताणून दोरे बसवीत. त्याला मिस्तर म्हणत. त्यावर कागद ठेवून बोटाने दाबला की शाईशिवाय ओळी उमटत. तिसरा हात कातिबाचा, म्हणजे लेखकाचा. काजळी आणि डिंक यांची शाई, बोरूची कलम, मांडीवर टेकवलेला कागद. पान संपले की पुढच्या पानाचा पहिला शब्द खालच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा, म्हणजे शिवताना पाने उलटीसुलटी होत नाहीत. या एका शब्दाने शेकडो वर्षांनंतर विस्कटलेल्या वह्या पुन्हा जुळवता आल्या आहेत. चौथा हात शिवणाऱ्याचा आणि जिल्द बांधणाऱ्याचा.

कातिबाचे काम बैतांवर मोजले जाई. बैत म्हणजे दोन चरणांची ओळ. आपल्याकडेही 32 अक्षरांचा एक श्लोक धरून पोथीची मोजणी होत असे. म्हणजे ही चक्क नगावरची मजुरी होती. ज्याने नगावर काम केले आहे त्याला पुढचे सांगावयास नको. हात भराभर चालवावा तर चूक होते, जपून चालवावा तर पोट भरत नाही. पोथीच्या शेवटी कातिब आपले नाव, तारीख आणि चुकीबद्दल क्षमायाचना लिहितो, त्यामागे ही गोष्ट आहे. मराठी-संस्कृत पोथ्यांच्या अखेरीसही लेखक सांगतो की, मान खाली घालून, कंबर वाकवून, मोठ्या कष्टाने हे लिहिले आहे. पोथी तेला-पाण्यापासून आणि मूर्खाच्या हातापासून जपा. इराण आणि महाराष्ट्र यांच्यात अंतर मोठे, पण पाठदुखी सारखीच!

खय्यामची गोष्ट

आता कुणी विचारील, या वह्यांची एवढी थोरवी कशासाठी? कवींचे दीवान आहेतच ना? याचे उत्तर म्हणजे उमर खय्याम.

खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. हे घराण्याच्या धंद्यावरून पडलेले नाव. निशापूरचा हा माणूस हयातीत गणिती आणि ज्योतिषी म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या हातची रुबायांची वही कुणालाही मिळालेली नाही. त्याच्या रुबाया आपल्याला मिळतात त्या बहुतांशी इतरांच्या संग्रहांतून. जाजर्मी नावाच्या संग्राहकाने सन 1341 मध्ये 'मूनिसुल अहरार' हा मोठा संग्रह पुरा केला. त्यात खय्यामच्या नावावर 13 रुबाया आहेत. सन 1460 मध्ये शिराजला लिहिलेल्या, आणि आज ऑक्सफर्डला असलेल्या, एका हस्तलिखितात त्या 158 झाल्या. याच हस्तलिखिताच्या आणि कलकत्त्याच्या दुसऱ्या एका प्रतीच्या आधाराने फिट्झजेराल्डने 1859 साली इंग्रजी रूपांतर छापले आणि खय्याम जगभर गेला. काळ जसजसा पुढे सरकला तसतशा मेलेल्या माणसाच्या रुबाया वाढत गेल्या!

हे असे का झाले? कुणा वाचकाला एखादी रुबाई आवडली, कवीचे नाव ठाऊक नव्हते, रोख खय्यामसारखा वाटला, त्याने वर 'खय्याम' लिहिले. पुढच्याने ते खरे मानून उतरवले. सन 1897 मध्ये झुकोव्हस्की या रशियन पंडिताने दाखवून दिले की, खय्यामच्या म्हटल्या गेलेल्या 82 रुबाया इतर कवींच्या नावावरही सापडतात. अशा रुबायांना त्याने भटक्या रुबाया म्हटले.

यात लबाडी फारशी नसते. आमच्या युनियन कचेरीतही गाण्यांची एक वही आहे. तिच्यात कुणी कुणी लिहिलेली गाणी आहेत. ज्या गाण्याचा कर्ता कुणालाच आठवत नाही, ते हमखास अण्णाभाऊ साठ्यांचे किंवा अमर शेखांचे होऊन बसते. थोर माणसाच्या दारात पोरके गाणे आपण होऊन जाऊन बसते. संग्रह कविता वाचवतो आणि तिचे नाव-गाव बदलूनही टाकतो, हे दोन्ही खरे आहे.

वाचवतो म्हणजे किती? 'नुजहतुल मजालिस' नावाचा एक संग्रह तेराव्या शतकात जमाल खलील शिरवानी याने केला. त्यात 300 च्या आसपास कवींच्या सुमारे 4000 रुबाया विषयवार 17 प्रकरणांत लावलेल्या आहेत. त्याची सन 1331 ची एकच प्रत इस्तंबूलमध्ये उरली आहे. त्यातले पुष्कळ कवी असे आहेत की, त्यांचे दुसरे काहीही आज शिल्लक नाही. आणि मित्रहो, त्यांची नावे पाहा: कुणी पखालीने पाणी वाहणारा, कुणी खोगीर करणारा, कुणी रजया शिवणारा. स्त्रियाही आहेत. दरबाराने यांचे दीवान लिहवून घेतले नसते. ती एक प्रत वाळवीने खाल्ली असती, तर तेराव्या शतकात पाणक्याही कविता करीत होता, हे सांगायला पुरावा उरला नसता.

फारसी आपल्याकडे कशी आली

पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे आधी निजामशाहीच्या आणि मग आदिलशाहीच्या अंमलाखाली होते. इंदापूरच्या गढीचे नाव मालोजीराजांशी जोडलेले आहे, आणि गावात चांदशाहवलींचा दर्गा आहे. दरबारचा हुकूम फारसीत सुटे, कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत चाले, आणि दोहोंच्या मध्ये बोलणारी जीभ मराठी असे. कागद, कलम, दौत, शाई, मसुदा हे सगळे त्या वाटेने आले. आमच्या रोजच्या तोंडचे कारखाना, हजेरी, मुकादम, मजूर हेही त्याच वाटेचे. कामगार या शब्दाचे शेपूट फारसीच आहे. फक्त पगार पोर्तुगीज निघाला.

हुकमाबरोबर कविताही आली. जुहूरी हा इराणी कवी अहमदनगरला दुसऱ्या बुरहान निजामशाहाच्या आश्रयाला होता. त्याचे साकीनामा हे काव्य त्याच सुलतानाला अर्पण केलेले आहे. पुढे तो विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाकडे गेला. त्याही आधीचा अमीर हसन सिज्जी हा गजलेचा मोठा कवी खुलदाबादला मातीआड झाला. हाफिजला बहमनी सुलतानाने दक्षिणेत बोलावले, तो हुर्मुझला गलबतावर चढला, वादळ पाहून उतरला आणि स्वतः न येता गजल पाठवून दिली, अशी आख्यायिका फिरिश्ता देतो. खरी असो वा नसो, सांगण्यासारखी आहे. कवी आला नाही तरी कागद आला.

अलीकडच्या काळात हा दुवा पुन्हा बांधला तो माधव जूलियनांनी. माधव त्र्यंबक पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांचा फारसी-मराठी कोश 1925 साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीतून 1929 साली मराठीत आणल्या. याच मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी कागदपत्रे वाचून 'ऐतिहासिक फारसी साहित्य' या मालेत छापली. आमच्यासारख्याला जे थोडे वाचता येते ते या माणसांच्या खांद्यावर बसून.

आपले बाड

बयाजेचे मराठी भावंड म्हणजे बाड. पोथी सुट्या पानांची असते, बाड शिवलेले असते. पोथीत एक ग्रंथ असतो; बाडात अभंग, पदे, आरत्या, श्लोक, लावण्या, औषधे, हिशेब असे काहीही असते. रामदासी मठांतून गोळा केलेली अशी बाडे धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. शंकर श्रीकृष्ण देवांनी त्यांसाठी आयुष्य वेचले. समर्थांच्या आणि त्यांच्या शिष्यशाखेच्या रचनेपैकी कितीतरी भाग मठातल्या कुणा अनाम माणसाने बाडात उतरवला म्हणूनच आपल्यापर्यंत आला.

बारामतीकरांना तर हे परके वाटू नये. कऱ्हेच्या काठी याच गावात श्रीधरस्वामींनी शके 1640 मध्ये, म्हणजे सन 1718 मध्ये, शिवलीलामृत पुरे केले. छापखाना येईपर्यंत तो ग्रंथ घरोघर गेला तो नकलून. त्यानंतर याच गावात बाबूजी नाइकांच्या आश्रयाला मोरोपंत राहिले आणि 1794 साली येथेच वारले. पंतांची कविता डोंगराएवढी. नुसती रामायणेच 108 म्हणतात. पण गावोगावच्या मुलांना पंत ठाऊक झाले ते परशुरामपंत तात्या गोडबोल्यांच्या 'नवनीता'मुळे. 1854 साली निघालेला हा वेच्यांचा संग्रह म्हणजे छापील बाडच. एका माणसाने निवड केली आणि पिढ्यान्पिढ्यांची चव ठरली. निवडणाऱ्याचे हे सामर्थ्य आहे आणि ही त्याची जोखीमही आहे. जे त्याने घेतले ते पाठ झाले, जे सोडले ते कपाटात गेले.

आमची चूक

आता आमचीच एक चूक सांगतो. चाचांची बयाज पाहिल्यावर आम्ही त्यांना शब्द दिला होता की, ती सबंध उतरवून घेऊ आणि जाणत्या माणसाला दाखवू. रात्री जाऊन बसायचे, चाचा वाचणार, आम्ही देवनागरीत लिहिणार, असे ठरले. चार रात्री बसलो. चार पाने झाली. मग वेतन कराराची बोलणी निघाली, मग एक बदलीचे प्रकरण, मग निवडणुका. चाचा भेटले की विचारीत, "बेटा, पाचवे पान?" आम्ही म्हणत असू, "गळीत संपू द्या, चाचा." एक गळीत संपले, दुसरे संपले.

2009 च्या पावसाळ्यानंतर चाचा गेले. दहाव्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तेव्हा बयाजेची चौकशी करायचा धीर झाला नाही. वर्षभराने विचारले. घराचे छप्पर बदलताना पेटी रिकामी केली होती. मुलगा भला माणूस. म्हणाला, "भाऊ, कुणाला वाचता येईना. रद्दीत गेली असेल." त्याला दोष कसा द्यावा? वाचू शकणारा एक माणूस गेला होता, आणि ज्याने शब्द दिला होता तो आला नव्हता.

उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. रद्दीत गेलेली वही अशी वर येत नाही.

राहिली ती आमच्या वहीतली चार पाने. त्यांत सादीचे काही शेर आहेत, हाफिजची एक गजल आहे, आणि एक रुबाई आहे, तिच्यावर चाचांच्या आजोबांनी खय्यामचे नाव घातले होते. पुण्यातल्या फारसीच्या एका प्राध्यापकांना आम्ही ती दाखवली. ते म्हणाले, "ही भटकी आहे. आणखी दोघांच्या नावावर मिळते." आम्ही विचारले, "मग खरी कोणाची?" ते म्हणाले, "ते ठरत नाही. पण तुमच्या पाठात एक शब्द वेगळा आहे. मूळ वही असती तर पाहता आले असते." तो शब्द आजोबांचा, चाचांच्या वाचनाचा, की आमच्या ऐकण्यातल्या चुकीचा, हे आता सांगता येणार नाही. संपात कमी केलेल्या माणसांची यादी त्याच वहीत होती. तीही गेली. त्यातली काही नावे आम्हाला आठवतात, सगळी नाहीत. तजकिरा लिहिणाऱ्यांना ही नावे हवी असणार नाहीत, पण आमच्या चळवळीला हवी होती.

काय करता येईल

म्हणून शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. घरात जुनी वही निघाली, मग ती फारसी असो, मोडी असो, की देवनागरी, तर ती उन्हात टाकू नये, पाने सुटी करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये कोंडू नये. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावी. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, कोरी पानेसुद्धा न वगळता, क्रमाने छायाचित्रे घ्यावीत. हिशेब आणि काढे बिनकामाचे म्हणून सोडू नयेत; वही कुठली आणि कधीची ते पुष्कळदा त्यावरूनच कळते. वही कोणाची, कुठून आली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवावे. आणि मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत नेऊन दाखवावी. दाखवली म्हणजे दिली असे होत नाही. वही तुमचीच राहते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आवडले ते उतरवावे. छापलेले पुष्कळ आहे, फोनमध्येही पुष्कळ आहे. पण हाताने उतरवताना माणूस प्रत्येक शब्दाजवळ थांबतो, आणि कर्त्याचे नाव ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे लिहायची त्याला संधी मिळते. खय्यामच्या काळापासून ही एवढी एक गोष्ट जर लोकांनी पाळली असती, तर झुकोव्हस्कीचे काम अर्धे झाले असते.

चाचांची चार पाने आमच्या वहीत आहेत. वेगळ्या शब्दाखाली आम्ही रेघ मारून ठेवली आहे. ज्यांना हवी असतील त्यांनी युनियनच्या कचेरीत यावे आणि नकलून न्यावीत.